धारेला बसण्याआधी

मला राग येतो तो आधी डाव्या अंगठ्यात येतो. मग दाढा आवळतात, मग मान ताठते आणि मग तोंड सुटतं. तोंड सुटलं की माझं मलाच आवरत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण सुरुवात अंगठ्यात होते हे मला पंचेचाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ते एका म्हशीमुळं कळलं.

रागावर उपदेश करणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो, हे आधीच सांगून टाकते. सकाळी उठून फोन बघावा तर कुणीतरी कमळाच्या फुलावर लिहून पाठवलेलं असतं की राग हा माणसाचा शत्रू आहे. आमच्या बचत गटात एकदा एक बाई आल्या होत्या. पांढरीशुभ्र साडी, मऊ आवाज. म्हणाल्या, राग आला की डोळे मिटायचे आणि दहापर्यंत आकडे मोजायचे. मी विचारलं, "आणि डोळं मिटल्यावर म्हशीनं लाथ घातली तर?" सगळ्या बायका हसल्या. त्या बाईसुद्धा हसल्या. मला त्यांच्या हसण्याचाही राग आला आणि तो दोन दिवस टिकला.

आमचं घर कोल्हापुरात एका पेठेत. घरामागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी. रोज दिवेलागणीला दुभती म्हैस गल्लीतून चालत दूधकट्ट्यावर जायची. तिथं गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं असतं. त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट दूध त्याच्या हातात द्यायचं. कट्ट्यावर आमची जागा सासऱ्यांपासूनची. तिथं आमच्या घरातली बाई कधी धारेला बसलेली नव्हती आणि मला बसायची हौसही नव्हती. पण त्या पावसाळ्यात नवऱ्याचा उजवा हात चारा कापायच्या कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेला. तीन बोटं गेली, अंगठ्याचं पेर गेलं.

मी त्याला शंभर वेळा सांगितलं होतं की पेंढीचा शेवटचा तुकडा काठीनं ढकलत जा. तो हातानंच ढकलायचा. "व्हय गं, कळतंय मला," म्हणायचा आणि ढकलायचा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले. जो येईल तो म्हणायचा, बिचारा, कामाचा माणूस, काय हे झालं. मी चहा करत राहिले. बिचारा तर होताच. पलंगावर पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तो भिंतीकडं बघत पडलेला असायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

म्हशीचं काय करायचं हा प्रश्न होता. पहिले दोन दिवस रेडकूच सगळं प्यालं. आमची म्हैस एकहाती, म्हणजे एकाच माणसाच्या हाताला दूध देणारी. दुसरं कुणी बसलं की ती दूध वर ओढून धरते. त्याला आम्ही पान्हा चोरणं म्हणतो. दुसरी म्हैस गाभण, आटलेली, त्यामुळं घर चालायचं ते हिच्या एकटीवर. आणि ही माझ्या माहेरची. कुरुंदवाडहून वडिलांनी रेडी असताना पाठवलेली, मी हातानं चारा घालून वाढवलेली. पण धार मात्र नवऱ्याच्या हाताला. त्याचाही मला जुना राग होता.

अशा वेळी जुनी माणसं एक युक्ती करतात. मालकाचा न धुतलेला शर्ट अंगात घालून धारेला बसायचं. म्हशीला ओळखीचा वास येतो आणि ती फसते. नवऱ्याचा चौकड्याचा शर्ट खुंटीवर होता. घामाचा, तंबाखूचा, पेंडीचा वास असलेला. तो मी साडीवर चढवला आणि कट्ट्यावर गेले. पान्हा फुटावा म्हणून बरोबर नेलेलं रेडकू पाजलं, बाजूला बांधलं, गुडघ्यात बादली धरली. पहिल्या दिवशी निम्मी बादली आली. दुसऱ्या दिवशीही निम्मीच. निम्मी तर निम्मी, म्हटलं.

कट्ट्यावरच्या पुरुषांना मात्र खेळ मिळाला. एक मिशीवाला रोज ग्लास पुढं करताना विचारायचा, "काय वैनी, मालक घरात भाकरी थापतोय काय?" आजूबाजूचे हसायचे. एकदा मी म्हटलं, "तुम्ही या की थापायला, तुमाला चांगलं जमतंय म्हणं." तेव्हाही हसले. आमच्याकडं असं बोलणं म्हणजे मायाच असते, हे मला कळत होतं. तरी घरी येताना म्हशीचं दावं मी असं ओढत आणायचे की तिची मान वाकडी व्हायची.

दोन आठवड्यांनी आत्तींनी शर्ट धुतला. सासूला मी आत्ती म्हणते. त्यांना वाटलं, लेकाचा शर्ट घालून सून रोज चारचौघांत जाते, निदान स्वच्छ तरी असावा. साबण लावला, निळीच्या पाण्यातून काढला, घडी घालून माझ्या हातात दिला. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्या बाईनं वीस वर्षांत माझं वाईट केलेलं नव्हतं आणि मी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांची अक्कल काढली. त्या गॅसकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी दीर कट्ट्यावर आला. नवऱ्याचा धाकटा भाऊ, कोडोलीला शेती बघतो. मी निळीचा वास मारणारा शर्ट घालून बसले होते आणि बादलीत थेंब नव्हता. तो माझ्या मागं वाकून म्हणाला, "वैनी, कशाला जिवाला तरास? एक सुई टोचायची. पाच मिंटांत बादली भरती. मी आणलीया." त्या इंजेक्शनला बंदी आहे, तरी चोरून मिळतं. म्हशीचा पान्हा जबरदस्तीनं उतरतो आणि हळूहळू म्हैस कामातून जाते. सासऱ्यांनी ते आयुष्यात वापरलं नाही. आमच्याकडून लोक बाळंतिणीला दूध न्यायचे.

मी मान न वळवता ओरडले, "माझ्या म्हशीला सुई लावलीत तर हात तोडून ठेवीन तुमचा."

सगळा कट्टा माझ्याकडं बघायला लागला. हात गमावलेला माणूस घरात पडलेला आणि त्याची बायको असं बोलते. माझ्याही ते लक्षात आलं, पण बोलून झालं होतं. लाजेनं आणखी राग आला. मी सड धरून ओढले. काही नाही. परत ओढले. म्हशीनं शेपटी फिरवली ती माझ्या तोंडावर बसली. मी उठले, रिकामी बादली उचलली आणि तिच्या मांडीवर हाणली. तिनं लाथ झाडली. मी मागच्या मागं शेणात बसले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन दीर नवऱ्याला म्हणाला, "दादा, रविवारी टेम्पो घिऊन येतो. म्हैस कोडोलीला नेतो. रोज सांजचं टेम्पोतनं आणून कट्ट्यावर हितनं फुडं मीच बसीन. वैनीचं काम न्हाय ते." नवरा भिंतीकडं बघत होता. तसाच म्हणाला, "रविवारपतोर बघू."

तो मंगळवार होता. म्हैस गेली की कट्ट्यावरची जागाही दिराची होणार होती. म्हशीला सुया बसणार होत्या आणि आम्ही तिघं दिराच्या तोंडाकडं बघत दिवस काढणार होतो. माझ्या हातात पाच दिवस होते आणि त्या हातांना म्हैस दूध देत नव्हती.

बुधवारी सकाळी मी गोठ्यात धारेला बसले. नवरा दारात येऊन उलट्या घमेल्यावर बसला. हात गेल्यापासून तो गोठ्याकडं फिरकला नव्हता. थोडा वेळ बघून म्हणाला, "शर्टाचं काय न्हाय."

"मग कशाचं हाय?"

"तू बसतानाच दात खातीस. अंगठा बघ तुझा."

मी बघितलं. डावा अंगठा सडात रुतला होता. नख पांढरं पडलं होतं. मला त्याचा पत्ताच नव्हता.

"मी बसायच्या आधी हिच्या पाठीवर हात ठिवून उभा ऱ्हायाचो," तो म्हणाला. "बघितलंस न्हवं कवा?"

बघितलं होतं. मला वाटायचं, पेंगतोय. "काय करायचा तवा?"

"बघायचो, आज धारेला कोण आलंय. मी आलोय का माझं भांडण आलंय."

"आणि भांडण आलं असलं तर?"

"तर उभाच ऱ्हायाचो. बसायचं न्हाय, एवढंच."

तळपायाची आग मस्तकात गेली. आता हा मला शिकवणार. एवढं शहाणपण होतं तर मशीनपुढं उभं राहताना ते कुठं ठेवलं होतं? मी काही बोलले नाही, कारण आजारी माणसाला बोलू नये असं सगळे म्हणत होते. खाली बघितलं तर अंगठा पुन्हा पांढरा. राग येताना मी पहिल्यांदाच बघितला तो तिथं.

गुरुवारी मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. काही शांत वगैरे वाटलं नाही. उलट डोक्यात गर्दी झाली. मिशीवाला आला. दीर सुई घेऊन आला. निळीतला शर्ट आला. पांढऱ्या साडीतल्या त्या बाईसुद्धा आल्या, इतक्या दिवसांनी. मी एकेकाला विचारत गेले, तुझा राग आहे का? तर मिशीवाल्याचा एवढा काही नव्हता. आत्तींचा तर मुळीच नव्हता, मी उगाच त्यांच्या अंगावर गेले होते. दिराचा होता, चांगला होता, पण तोही तळाला नव्हता. तळाला कोण आहे ते मला दिसत होतं आणि मला बघायचं नव्हतं. मी तशीच धारेला बसले आणि म्हशीनं मला अर्ध्या तांब्यावर वाटेला लावलं.

शुक्रवारी सकाळी मी गोठ्यात जायच्या आधी घरात गेले. नवरा डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायची खटपट करत होता. एरवी मी पुढं होऊन लावून दिली असती. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि म्हटलं, "मला तुमचा राग आलाय."

त्याचा हात थांबला. "कवापासनं?"

"तुमचा हात गेल्यापासनं." मग मला थांबता आलं नाही. "काठी भिंतीला टेकून हुती. हाताच्या अंतरावर. शंभरदा सांगितलं हुतं. आणि तुम्ही हात घातला. लोक येऊन बिचारा बिचारा करून जात्यात, मी चा करती. मी कुणाला सांगू? तुमच्यावर रागवाय बी मला जागा न्हाय, कारण तुमी बिचारं. मग मी म्हातारीवर वराडती, म्हशीला बादली हाणती. तिनं काय केलंय? केलंय तुम्ही."

तो अर्धी बटणं तशीच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. हलकं वगैरे नाही वाटलं. उलट भीती वाटली की आता हा माणूस आणखी गप्प होणार. तशीच गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. कोण आलंय बघितलं तर मीच आले होते, दमलेली. रेडकू सोडलं, बांधलं, बसले. बादली पाऊण भरली.

दुपारी आत्तींपाशी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "आत्ती, माझं चुकलं त्या दिवशी."

त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "नीळ जरा जास्तच पडलती," म्हणाल्या. "तू बी बस निवडाय." मी बसले.

नवरा त्या दिवशी आणि शनिवारीही माझ्याशी बोलला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, उठायचा. त्याच्या गप्प बसण्याचा मला राग येत होता. तो मी प्रत्येक धारेआधी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होते आणि मग आत जात होते. गोठ्यात म्हैस मला देत होती. कट्ट्यावर, माणसांपुढं, अजून निम्मंच देत होती. आणि दिरानं बघायचं होतं ते कट्ट्यावर.

रविवारी मी म्हैस घेऊन गेले तेव्हा टेम्पो आधीच येऊन उभा होता. मागं कडबा अंथरलेला, फळी लावून तयार. दीर टेम्पोला टेकून तंबाखू मळत होता. गिऱ्हाईक रोजचंच. मिशीवाला होता, दोन कॉलेजची पोरं होती आणि शिवणकाम करणारे चाचा होते. चाचा रोज दुकान बंद करायच्या आधी स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन यायचे. मी शर्ट घातला नव्हता, माझीच साडी होती. रेडकू पाजलं, बांधलं, बसले, हात लावला.

"शर्ट न्हाय व्हय आज?" दीर माझ्या पाठीमागं येऊन उभा राहिला होता. "दादाचा वास संपला वाटतं. का दादाच नगो झालाय?"

दोघंतिघं हसले. अंगठा आवळला. मी तो आवळताना बघितला, दाढा आवळायच्या आधी. म्हशीचे कानही मागं वळले. एवढ्यावर जरी ओढलं असतं तरी संपलं होतं. मी हात काढून घेतले. उठले. बादली खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

दिराला वाटलं, मी हरले. तो दाव्याकडं वाकला.

"भावजी," मी म्हटलं. ओरडले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं, आमच्या पेठेत सगळे ओरडूनच बोलतात. मी हळू बोलले म्हणून सगळे कान देऊन ऐकायला लागले. "मला तुमचा राग आलाय. तो माझ्या हातात उतरलाय. तुम्ही हितं उभं हाय तवर मी धारेला बसणार न्हाय. टेम्पोपाशी जाऊन थांबा. धार न्हाय निघाली तर दावं मी माझ्या हातानं तुमाला दीन."

"आणि न्हाय गेलो तर?"

"तर आज दूध न्हाय. कुणालाच."

चाचा पेला मांडीवर ठेवून उकिडवे बसले. "आमाला काय घाई न्हाय," म्हणाले. पोरं बसली. मिशीवाला दिराकडं बघत होता. मग सगळेच दिराकडं बघायला लागले. दूध कुणामुळं अडलंय ते आता सगळ्यांना दिसत होतं. दीर काहीतरी पुटपुटला, तंबाखू झाडली आणि टेम्पोपाशी गेला.

राग गेला नव्हता, खोटं कशाला सांगू. तो होता, पण हातातून वर सरकून कुठंतरी छातीत जाऊन बसला होता आणि तिथं बसायला माझी हरकत नव्हती. अंगठा मोकळा होईपर्यंत मी उभी राहिले. मग रेडकू पुन्हा सोडलं. ते ढुशा देऊन प्यायला लागलं, तेव्हा म्हशीनं मान खाली घातली आणि रवंथ सुरू केलं. मी बसले. पहिली धार रिकाम्या बादलीच्या तळावर वाजली, मग दुसरी, मग आवाज बदलत गेला, फेस चढला. पहिला पेला चाचांना दिला. मिशीवाल्याला दिला. त्यानं मुकाट्यानं घेतला. बादली भरली आणि परत निम्मी भरली. मी मान वर केली तेव्हा टेम्पो कडब्यासकट निघून गेला होता.

घरी येईपर्यंत मला धीर नव्हता. म्हैस बांधली नाही तोवर मी ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला सांगायला लागले. दीर काय म्हणाला, मी काय म्हणाले, चाचा कसे बसले, सगळं हातवारे करून. आत्ती आत भाकरी थापत होत्या, त्याही थापता थापता हसत होत्या. नवरा ऐकत होता. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणाला, "समदं दिलं तिनं?"

"समदं."

तो पट्टीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला तुझा राग आलाय."

आतलं थापणं थांबलं.

"दिवा लावल्यावर देवापुढं बसलतो मी," तो म्हणाला. "म्हैस जाऊ नगो म्हणून न्हाय. तिनं तुला दिऊ नये म्हणून बसलतो. माझा हात गेला, ते मी सोसलं. पर माझ्या हाताबिगर तिचं चाललं तर मग मी कशाला ऱ्हायलोय हितं?"

सगळा कट्टा जिंकून आलेली मी, मला ते फार लागलं. माझी म्हैस, माझ्या माहेरची, माझं घर वाचलं, आणि हा देवाला उलटं मागत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "बोला. समदं बोला."

तो बोलला. महिनाभर गप्प बसलेला माणूस बोलला, शिव्यांसकट. मी चारचौघांत हात तोडायची भाषा केली ते त्याला कुणीतरी येऊन सांगितलं होतं, ते बोलला. शुक्रवारी मी त्याची बटणं न लावता उंबऱ्यात उभी राहिले, ते बोलला. काठीचंही बोलला, की मला कळत न्हाय व्हय, ती काठी रोज माझ्या डोळ्यांपुढं उभी ऱ्हाती. त्यातलं निम्मं खरं होतं. दुसरं निम्मं ऐकताना मला एकदा उठून अंगणात जावं लागलं. तिथं अंधारात उभी राहिले, जेवढा वेळ लागला तेवढा. परत आले तेव्हा तो तसाच बसला होता, मी येते का नाही बघत. मी पदरानं तोंड पुसलं, जवळ बसले आणि म्हटलं, "हं, फुडं बोला."